सहा घोडे, नऊ प्रवासी आणि आखडता हात: स्वस्तातल्या वेस्टर्नचं गणित

हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओने १९६५ साली 'अपाची अपरायझिंग' नावाचा एक वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतला घोडे-बंदुकांचा चित्रपट, काढला. वाळवंटातून निघालेली घोड्यांची डाकगाडी, आत एकमेकांना न ओळखणारे प्रवासी, वाटेत एक एकाकी ठाणं, सोन्यावर डोळा ठेवून बसलेले दरोडेखोर आणि बाहेर खवळलेले अपाची, म्हणजे तिथले मूळचे आदिवासी. गोष्ट ऐकून 'हे तर पाहिलंय' असं वाटतं. पडद्यावरच्या चेहऱ्यांचंही तेच. नायक रोरी कॅल्हून, त्याची चलती आधीच्या दशकातली. गाडीवान झालाय लॉन चेनी ज्युनियर, १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मधला लांडगामाणूस. शेरीफ जॉनी मॅक ब्राउन, जो तीस-चाळीसच्या दशकांत स्वतःच स्वस्तातल्या वेस्टर्नचा नायक होता. लष्करी कॅप्टन रिचर्ड आर्लेन, पहिलंवहिलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणाऱ्या १९२७ च्या 'विंग्ज'मधला वैमानिक. दरोडेखोरांच्या टोळीत डिफॉरेस्ट केली दिसतो. पुढच्याच वर्षी तो 'स्टार ट्रेक'मधला डॉक्टर झाला आणि मग जन्मभर डॉक्टरच राहिला.

गंमत अशी की एक वर्ष आधी, १९६४ मध्ये, इटलीत सर्जिओ लिओनेने क्लिंट ईस्टवुडला घेऊन वेस्टर्नची सगळी घडीच विस्कटून टाकली होती. तरी हॉलिवूडच्या या कोपऱ्यात जुनीच गोष्ट जुन्याच माणसांना घेऊन चालू होती. निर्माता ए. सी. लाइल्स याने १९६४ ते १९६८ या काळात पॅरामाउंटसाठी असे १३ वेस्टर्न काढले. समीक्षक अशा चित्रपटांना 'पारंपरिक' म्हणतात. मला विचाराल तर या परंपरेतला निम्मा भाग स्टुडिओच्या गोदामात पडलेल्या सामानाचा आहे. गावाचा उभा सेट आहे, डाकगाडी आहे, टोप्या-बंदुका-खोगीर आहेत, मग गोष्टही त्यात बसेल अशीच लिहायची. डाकगाडीची गोष्ट त्यात फार छान बसते. ती का बसते, हे समजलं की या चित्रपटांच्या बऱ्याच खोडींचा उलगडा होतो.

आधी पैसा कसा यायचा ते पाहू, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. तीसच्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत रुळली. पहिला मोठा, नामवंत नटांचा; दुसरा तासाभराचा, जोडीला. मोठ्या चित्रपटाच्या तिकीटविक्रीत वितरकाचा टक्का असायचा. जोडीच्या चित्रपटाला मात्र थिएटरवाला ठरलेली रक्कम द्यायचा, गर्दी होवो न होवो. म्हणजे किती पैसे येणार हे जवळपास आधीच ठाऊक. चित्रपट उत्तम झाला तरी जास्त मिळणार नाही, सुमार झाला तरी फारसे कमी होणार नाहीत. अशा धंद्यात नफा वाढवायचा एकच मार्ग उरतो, खर्च कमी करणं. रिपब्लिक, मोनोग्राम यांसारख्या कंपन्या यावरच जगल्या. आठवडाभरात चित्रपट उरकायचा आणि लगेच पुढच्याला लागायचं. जॉन वेनने १९३० च्या 'द बिग ट्रेल'च्या अपयशानंतर जवळजवळ अख्खं दशक असल्याच चित्रपटांत काढलं.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंची थिएटरांवरची पकड मोडून काढली आणि पाठोपाठ टेलिव्हिजन घरात आला. तासाभराचा वेस्टर्न आता घरी बसून फुकट दिसू लागला. १९५५ च्या सुमारास मालिकावजा स्वस्त वेस्टर्न थिएटरांतून संपल्यातच जमा होते. लाइल्सचे चित्रपट म्हणजे या धंद्याची शेवटची धुगधुगी. त्यांत रंग आणि रुंद पडदा एवढंच टीव्हीपेक्षा जास्तीचं होतं, कारण त्या वेळचा बहुतेक टीव्ही कृष्णधवल होता.

आता डाकगाडी. वेस्टर्नमध्ये सगळ्यात महाग काय? माणसं आणि घोडे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. गुरांचे तांडे, सैन्याच्या तुकड्या, वसाहतवाल्यांच्या गाड्यांची रांग हे सगळं दिसायला झकास, पण प्रत्येक घोड्यामागे चारा आहे, सांभाळणारा माणूस आहे आणि ट्रकमधली जागा आहे. स्टुडिओपासून ठराविक अंतराबाहेर गेलं की सगळ्या कामगारांचं राहणं-खाणंही निर्मात्याच्या डोक्यावर. डाकगाडीला मात्र चार किंवा सहा घोडे, एक गाडीवान आणि एक बंदूकवाला पुरतो. बाकी सात-आठ माणसं आत कोंबलेली. थोडक्यात, एका खोलीचं नाटक, फक्त खोलीला चाकं लावलेली. घाटात एसटी बंद पडली की तासाभरात कोण आजारी आहे, कोण लग्नाला निघालंय, कोणाचं कोर्टात काय चाललंय हे सगळ्यांना कळतं. लेखकाला डाकगाडीत तीच सोय आयती मिळते. माणसं उठून जाऊ शकत नाहीत आणि धोका समोर आला की एकमेकांना टाळूही शकत नाहीत.

ही युक्ती वेस्टर्नपेक्षा जुनी आहे. फ्रेंच लेखक मोपासाँने १८८० मध्ये एका घोडागाडीत प्रतिष्ठित मंडळी आणि एक वेश्या यांना कोंबून, बाहेर प्रशियाचं सैन्य उभं करून एक कथा लिहिली होती. अर्नेस्ट हेकॉक्सच्या १९३७ सालच्या कथेवरून जॉन फोर्डने १९३९ मध्ये 'स्टेजकोच' केला, त्यात ही फ्रेंच गाडी अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोच्या वाटेला लागली: गावाने हाकललेली बाई, दारुडा डॉक्टर, पैसे घेऊन पळालेला बँकवाला, तुरुंगातून निसटलेला तरुण. हा चित्रपट काही कवडीमोलाने बनला नव्हता, खर्च पाच लाख डॉलरच्या वर गेला. पण पुढच्या २५-३० वर्षांतल्या स्वस्त वेस्टर्नवाल्यांना त्याने साचा दिला. प्रवाशांची यादी वाचली की कोण निधड्या छातीचा निघणार आणि कोण कच खाणार, हे सराईत प्रेक्षकाला गाडी सुटायच्या आधीच कळायला लागलं. जुने, ओळखीचे नट घेण्यात हाच फायदा होता. ते कमी पैशांत यायचे आणि त्यांची ओळख करून द्यायला प्रसंग लिहावा लागायचा नाही. जॉनी मॅक ब्राउनच्या छातीवर बिल्ला लावला की झाला शेरीफ!

खरी डाकगाडी कशी होती, याचा या चित्रपटांशी संबंध थोडा आहे आणि बराचसा नाहीही. न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड गावी १८२७ पासून बनणारी गाडी सगळ्यांत नावाजलेली. तिला पोलादी कमानी नव्हत्या. अख्खा साटा चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगलेला असायचा, त्यामुळे गाडी आदळण्याऐवजी पुढेमागे झुलायची. धक्का घोड्यांना कमी लागायचा, पण आतल्या माणसांना बोटीसारखी मळमळ व्हायची. आत तीन बाकांवर नऊ जण. मधल्या बाकाला पाठ नाही, टेकायला आडवा चामड्याचा पट्टा, आणि समोरच्याच्या गुडघ्यांत आपले गुडघे अडकलेले. १८५८ मध्ये बटरफील्ड कंपनीने सेंट लुइस ते सॅन फ्रान्सिस्को ही साडेचार हजार किलोमीटरच्या आसपासची डाक सुरू केली. सरकारी कंत्राट वर्षाला सहा लाख डॉलरचं आणि अट २५ दिवसांत पोचवायची. गाडी रात्रंदिवस चालायची, टप्प्याटप्प्याला घोडे बदलायचे. पश्चिमेकडे जायचं भाडं २०० डॉलर, जेवणाचे पैसे वेगळे.

पडद्यावर असा प्रवास कुणी केलेला दिसतो का? नटीच्या टोपीवर धुळीचा कण नसतो. एवढंच नाही, गाडीच्या आतला प्रसंग बहुधा गाडीतच नसतो. स्टुडिओत अर्धी गाडी उभी केलेली असते, एका बाजूची भिंत काढलेली. खाली फळी घालून दोन कामगार ती हलवतात. खिडकीमागे पडदा, त्यावर मागून आधीच चित्रित करून आणलेलं वाळवंट पळतंय. ओळखायचं असेल तर प्रवाशाच्या चेहऱ्यावरचा उजेड बघा. रस्ता वळतो, डोंगर सरकतात, पण नाकाची सावली जागची हलत नाही. एकदा हे दिसलं की दिसतच राहतं, तेव्हा आधीच माफी मागतो.

बाहेरच्या पाठलागाची तऱ्हा वेगळी. कॅमेरा एका मोटारीवर आणि मोटार गाडीला समांतर. लॉस एंजेलिसच्या वायव्येला चॅट्सवर्थमध्ये आयव्हरसन कुटुंबाची खडकाळ जमीन होती, तिथे शेकडो वेस्टर्नचे पाठलाग झाले. सकाळी उजवीकडून डावीकडे, दुपारी डावीकडून उजवीकडे, तोच खडक आणि तोच रस्ता. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २०-२२ चौकटींनी चालवला की पडद्यावर घोडे आपोआप जोरात धावतात. आणि एवढंही परवडत नसेल तर जुन्या चित्रपटातला पाठलाग काढून जोडायचा. स्वस्त वेस्टर्नचे नायक चित्रपटामागून चित्रपट तोच शर्ट आणि तीच टोपी का घालतात, याचं हे एक व्यवहारी कारण. कपडे तेच असले की मागच्या वर्षीचा पाठलाग यंदाही खपतो.

पाठलागात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, तो मात्र काटकसरीचा दोष नाही. समजा चाकाला १२ आरे आहेत. कॅमेरा एका सेकंदात २४ चित्रं घेतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात चाक बरोबर एक आरा पुढे सरकलं, तर पहिल्या आऱ्याच्या जागी दुसरा आलेला असतो, आणि सगळे आरे दिसायला सारखेच. आपल्याला वाटतं चाक थांबलंय. चाक त्याहून जरासं कमी सरकलं तर डोळा जवळचा आरा धरतो आणि चाक मागे फिरल्याचा भास होतो. हिशोब केला तर असं चाक सेकंदाला दोन फेरे घेतं तेव्हा थबकलेलं दिसेल. मागचं चाक पाच फूट व्यासाचं धरलं तर तो वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे नेमका घोडे चौखूर उधळतात तेव्हाचा. म्हणून हा घोळ ऐन रंगात आलेल्या पाठलागातच होतो.

फोर्डच्या चित्रपटातल्या पाठलागात याकिमा कॅनटने केलेली करामत आजही अंगावर काटा आणते. अपाचीच्या वेशातला कॅनट आपल्या घोड्यावरून डाकगाडीच्या सर्वांत पुढच्या घोड्यांवर उडी घेतो, गोळी लागल्यावर त्यांच्या मध्ये खाली लोंबकळतो, फरफटत जातो आणि हात सोडतो. सहा घोडे आणि मागोमाग गाडी त्याच्या अंगावरून निघून जाते. चाकांच्या मधली जागा आणि स्वतःचं शरीर किती रुंद, याचा अंदाज चुकला असता तर माणूस गेला असता. त्या काळी घोडे पाडायला त्यांच्या पुढच्या पायांना तारा बांधायचे, हेही सांगायला हवं. माणूस हिशोब करून पडायचा. घोड्याला कोण विचारणार? १९३९ नंतर प्राणिहितवाल्यांची देखरेख आली आणि तारांचा वापर आवरता घ्यावा लागला.

पाठलाग कितीही काटकसरीने केला तरी पैसे खातोच. म्हणून कथेत ठाणं येतं. घोडे बदलायला गाडी थांबते, आणि काही ना काही कारणाने तिथून हलत नाही. आता एकच अंगण, एक विहीर, दोन खोल्या. चित्रपटाचा मधला अर्धा तास इथे काढता येतो. रात्र झाली की आणखी सोय. भर उन्हात चित्रण करून फिल्मवर कमी प्रकाश घ्यायचा, निळी छटा द्यायची आणि आकाश चौकटीबाहेर ठेवायचं. चांदण्यात माणसांच्या सावल्या सुरीसारख्या धारदार दिसल्या की समजायचं, दुपारचे बारा वाजलेत.

एवढी कंजुषी करूनही उत्तम चित्रपट होऊ शकतो याचा माझ्या लेखी सर्वांत चांगला दाखला म्हणजे बड बेटिकरचा १९५७ चा 'द टॉल टी'. नायक रँडॉल्फ स्कॉट, लांबी ७८ मिनिटं, चित्रण कॅलिफोर्नियात लोन पाइनजवळच्या गोलसर खडकांत. नवविवाहित जोडप्याने भाड्याने घेतलेली गाडी नेहमीची डाकगाडी समजून दरोडेखोर अडवतात. लुटायला काहीच नाही! घाबरलेला नवरा जीव वाचवायला स्वतःच सुचवतो, की माझ्या बायकोचा बाप तांब्याच्या खाणीवर गब्बर झालाय, तिच्यासाठी खंडणी मागा. त्याआधी दरोडेखोरांनी ठाण्यावरचा माणूस आणि त्याचा लहान मुलगा मारून विहिरीत टाकलेले असतात. ते आपल्याला दाखवत नाहीत. विहीर तेवढी दिसते, आणि नंतर जो कोणी त्या बाजूला पाहतो त्याच्याबरोबर आपल्यालाही ती आठवते. हा प्रसंग दाखवायला फुकटात पडला असेल, पण चित्रपटातलं सगळ्यात भयंकर दृश्य तेच. टोळीचा म्होरक्या, रिचर्ड बून, स्वतःच्या साथीदारांना विटलेला असतो. त्याला नायकाला मारण्यापेक्षा त्याच्याशी गप्पा मारायच्या असतात. लाइल्सच्या चित्रपटांत मला हे सापडत नाही. तिथे पैसे वाचवले आहेत, पण वाचवलेल्या वेळात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, पुढे काय घडणार तेवढं सांगतात.

तंत्राचा एक मुद्दा आवर्जून सांगतो. लाइल्सने आपले वेस्टर्न टेक्निस्कोपमध्ये काढले. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एक चौकट कडेच्या चार छिद्रांइतकी उंच असते. टेक्निस्कोपमध्ये ती दोनच छिद्रांची. चौकट आपोआप रुंद आणि बुटकी होते, रुंद पडद्याला हवी तशी, आणि फिल्म निम्मीच लागते. अकरा मिनिटं चालणारं रीळ बावीस मिनिटं पुरतं. महागडी, जड भिंगं लागत नाहीत. बाकीची कसर प्रयोगशाळा छपाईच्या वेळी भरून काढते. तोटा एवढाच, की निम्म्या जागेतलं चित्र तेवढ्याच पडद्यावर ताणल्याने दाणेदार दिसतं. ही पद्धत टेक्निकलरच्या इटलीतल्या शाखेची, आणि लिओनेनेही तीच वापरली. त्याने ती रुंद चौकट घामेजलेल्या चेहऱ्यांनी भरली, इकडे तिच्यात टीव्हीसारखी चार माणसं रांगेत उभी केली. फिल्म दोघांची सारखीच वाचली.

राहिला बाहेरचा धोका. या चित्रपटांतले अपाची कुठून येतात, त्यांना काय हवंय, हे कोणी सांगत नाही. याला पूर्वग्रह कारण आहेच, पण हिशोबही आहे: बोलणाऱ्या पात्राला नट लागतो, टेकडीवर उभ्या राहणाऱ्या घोडेस्वाराला रोजंदारीवरचा माणूस चालतो. फोर्डच्या चित्रपटात तर मॉन्युमेंट व्हॅलीतले नावाहो या वेगळ्याच जमातीचे लोक अपाची म्हणून उभे आहेत. आणि त्यांनी गाडीचे घोडेच का मारले नाहीत, या प्रश्नावर 'मग चित्रपट तिथेच संपला असता' असं उत्तर फोर्डने दिल्याचं सांगतात.

डाकगाडीच्या ठाण्यावर अपाची लोकांशी खरोखर काय झालं, याची एक नोंद आहे. फेब्रुवारी १८६१ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या अपाची खिंडीत, बटरफील्डच्या ठाण्याजवळ, लेफ्टनंट बॅस्कमने चिरिकावा अपाचींचा नायक कोचीस याला बोलणी करायला बोलावलं आणि एका मुलाच्या अपहरणाचा आळ घालून धरायचा प्रयत्न केला. मुलगा नेला होता वेगळ्याच अपाची टोळीने. कोचीस तंबू फाडून निसटला, त्याचे नातलग मागे अडकले. त्याने ठाण्यावरचा माणूस आणि काही प्रवासी ओलीस धरले. बोलणी फिसकटली, दोन्हीकडचे कैदी मेले, त्यांत कोचीसचा भाऊ फासावर गेला. पुढची दहा-अकरा वर्षं लढाई चालली. प्रवाशांना लुटणाऱ्यांची खरी गोष्टही चित्रपटांसारखी नाही. ब्लॅक बार्टने १८७५ ते १८८३ या काळात कॅलिफोर्नियात वेल्स फार्गो या कंपनीच्या २८ गाड्या अडवल्या, एकही गोळी न झाडता, आणि तेही पायी, कारण त्याला घोड्यांची भीती वाटायची. पकडला गेला तो रुमालावरच्या धोब्याच्या खुणेवरून. ही तर कुठल्याही निर्मात्याला परवडणारी गोष्ट, घोडासुद्धा नको!

अपाचींना बोलका माणूस मिळायला डाकगाडीच्या चित्रपटांत १९६७ साल उजाडावं लागलं, तेही मोठ्या पैशांच्या 'ओम्ब्रे'मध्ये. 'द टॉल टी'ची मूळ कथा लिहिणाऱ्या एल्मोर लेनर्डच्याच कादंबरीवर तो बेतलेला आहे. अपाचींमध्ये वाढलेला नायक, पॉल न्यूमन, प्रवाशांना आपल्या शेजारी नको असतो, म्हणून त्याला वर गाडीवानाजवळ बसवतात. आणि गाडीत मानाने बसलेल्या गृहस्थाकडच्या पिशवीतला पैसा असतो अपाचींच्या अन्नासाठी आलेला, त्याने हडपलेला.